हॅस्केलमध्ये स्ट्रिंग जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात, राजारामपुरीत दर रविवारी सकाळी आम्ही काही जण हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसतो. बहुतेक मुलं इंजिनिअरिंगची, एकदोघं नोकरी सांभाळून येणारी. नवीन माणूस आला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे, जोडण्यापाशी अडकतो, आणि प्रश्न जवळपास तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

उदाहरणं बहुतेक गुळाच्या पट्टीची आहेत. मार्केट यार्डात शेतकऱ्याचा गूळ विकला गेला की त्याला हिशेबाची पट्टी मिळते: रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, दर काय, हमाली-तोलाई किती वजा झाली. अशी पट्टी छापणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. जोडणीच्या जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या त्यात करून झाल्या, त्यामुळे उदाहरणं शोधायला लांब जावं लागलं नाही.

एक सूचना. फंक्शनांची नावं आणि अंक इथे देवनागरीत आहेत. एडिटरमध्ये ते रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचे.

थोडक्यात सांगा, कुठे काय वापरू?

दोन-तीन तुकडे असतील तर ++ पुरे. तुकड्यांची यादी आहे आणि मध्ये काही नको, तर कॉनकॅट. मध्ये स्वल्पविराम किंवा दुसरं काही हवं, तर इंटरकलेट. मध्ये फक्त एक स्पेस हवी तर अनवर्ड्स, प्रत्येक तुकडा वेगळ्या ओळीवर हवा तर अनलाइन्स. मजकूर मोठा असेल तर स्ट्रिंग सोडा आणि टेक्स्ट हा मजकुराचा दुसरा प्रकार वापरा. तुकडे प्रोग्रॅमभर विखुरलेल्या ठिकाणांहून गोळा होत असतील तर बिल्डर.

यापलीकडे माझं एकच सांगणं आहे आणि खालच्या बऱ्याच उत्तरांत ते पुन्हा पुन्हा येईल: तुकडे शेवटपर्यंत तुकडेच राहू द्या. यादीत ठेवा, गाळा, क्रम लावा, काय करायचं ते करा. जोडायचं शेवटी आणि एकदाच. एकदा जोडलेली स्ट्रिंग पुन्हा सोडवणं फार त्रासाचं असतं.

++ आत नेमकं काय करतं?

हॅस्केलमध्ये स्ट्रिंग हा वेगळा प्रकार नाही, ती अक्षरांची यादी आहे. आणि ही यादी म्हणजे साखळी: प्रत्येक कडीत एक अक्षर आणि पुढच्या कडीचा पत्ता. शेवटच्या कडीपुढे रिकामी यादी.

आता "गूळ " ++ "रवे" करायचं आहे. "गूळ " च्या शेवटच्या कडीला "रवे" चा पत्ता चिकटवला की काम झालं, असं वाटतं. पण हॅस्केलमध्ये एकदा बनलेली गोष्ट बदलता येत नाही. "गूळ " दुसरीकडे कुणी वापरत असेल तर त्याच्या हातातली स्ट्रिंग अचानक लांब होऊन चालणार नाही. म्हणून डावीकडच्या साखळीची कडी-कडी करून नवी प्रत निघते आणि तिच्या शेवटी उजवीकडची साखळी आहे तशी जोडली जाते. उजव्या बाजूला हातही लागत नाही. ती कितीही लांब असो, खर्च शून्य.

म्हणजे ++ चा खर्च फक्त डाव्या बाजूच्या लांबीइतका. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं की पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच देता येतील.

आळशी मूल्यमापनामुळे ही प्रतसुद्धा लागेल तशीच निघते. जोडलेल्या स्ट्रिंगची पहिली पाच अक्षरं मागितली तर पाचच कड्यांचं काम होतं.

माझा प्रोग्रॅम शंभर ओळींना झटपट चालतो, हजार ओळींना रखडतो. का?

बहुतेक वेळा कारण हे असतं: तुम्ही आधीचा सगळा मजकूर डावीकडे ठेवून नवा तुकडा उजवीकडे चिकटवत जाता. जावा किंवा पायथनमधून आलेल्याच्या हाताला ही सवय असते. लूप फिरवायचा आणि शेवटी भर घालत राहायची. हॅस्केलमध्ये तेच फोल्डएल (यादी डावीकडून एकेक घेत गुंडाळणारं फंक्शन) आणि ++ वापरून लिहिलं जातं.

हिशेब करून बघा. पट्टीच्या १,००० ओळी आहेत, प्रत्येकीत ४० अक्षरं. पहिल्या जोडणीत ४० कड्यांची प्रत, दुसरीत ८० ची, तिसरीत १२० ची. अशा ९९९ जोडण्यांची बेरीज १,९९,८०,००० कड्या होते. म्हणजे जवळपास दोन कोटी. तेच तुकडे उजवीकडून जोडत आलो तर प्रत्येक ओळीची प्रत एकदाच निघते, म्हणजे ४० गुणिले ९९९, एकूण ३९,९६०. काम तेच, निकाल तोच, पण कष्टात पाचशे पटींचा फरक. ओळी दुप्पट झाल्या की पहिल्या पद्धतीचे कष्ट चौपट होतात.

उपाय सोपा आहे. फोल्डएल काढा, यादी सरळ कॉनकॅट ला द्या. कॉनकॅट उजवीकडून जोडतं.

यावर एक शंका हमखास येते: मग अ ++ ब ++ क असं ओळीने लिहिलं तर? काळजी नको. ++ चे कंस आपोआप उजवीकडून पडतात, म्हणजे कंपायलर ते अ ++ (ब ++ क) असंच वाचतो. घोटाळा तुम्ही स्वतः डावीकडून कंस घातल्यावर होतो, किंवा फोल्डएल ते तुमच्या नकळत घालतं तेव्हा.

कॉनकॅटमॅप कशासाठी?

आधी मॅप (यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणं) आणि मग कॉनकॅट, हे दोन्ही एकत्र. प्रत्येक रव्याची ओळ बनवून सगळ्या ओळी जोडायच्या असतील तर हे. एचलिंट नावाचं साधन बसवलंत तर अशा जागा ते आपणहून दाखवतं. नवशिक्यांनी ते पहिल्या दिवसापासून वापरावं असं माझं मत आहे.

यादीच्या शेवटी उगाच एक स्वल्पविराम येतो. तो कसा घालवू?

तो घालवायचा नाही, येऊच द्यायचा नाही. प्रत्येक तुकड्याला मागे ", " जोडून शेवटची दोन अक्षरं कापणारा कोड मी अनेकांच्या वहीत पाहिला आहे. यादी रिकामी आली की त्या कापाकापीचं काय होतं, याचा विचार त्यात सहसा नसतो.

डेटा.लिस्ट मधलं इंटरकलेट घ्या:

इंटरकलेट ", " ["गूळ", "काकवी", "साखर"]

उत्तर "गूळ, काकवी, साखर". विभाजक दोन तुकड्यांच्या मध्येच येतो. एकच तुकडा असेल तर विभाजक नाही, यादी रिकामी असेल तर उत्तर रिकामी स्ट्रिंग. वेगळी अट घालावी लागत नाही.

खरी मेख पुढे आहे. पत्ता छापायचा आहे, आणि फॉर्ममध्ये घर नंबर व खूण हे दोन रकाने लोकांनी मोकळे सोडले आहेत:

इंटरकलेट ", " ["", "मंगळवार पेठ", "", "कोल्हापूर"]

छापून येतं ", मंगळवार पेठ, , कोल्हापूर". इंटरकलेट ची यात चूक नाही. रिकामी स्ट्रिंग हाही त्याच्या लेखी एक तुकडाच आहे. म्हणून जोडण्याआधी गाळायचं: फिल्टर (गाळणारं) आणि नल (रिकामं आहे का ते सांगणारं) वापरून रिकामे तुकडे बाजूला काढा, मग इंटरकलेट. या दोन पायऱ्यांचं मिळून मी एक छोटं फंक्शन करून ठेवलं आहे, त्याला मनातल्या मनात "भरलेले जोड" म्हणतो. पट्टी, पाकिटावरचा पत्ता, एसएमएस, सगळीकडे तेच वापरतो. एकच स्पेस टाकलेला रकाना रिकामा दिसतो पण रिकामा नसतो. त्यासाठी गाळण्याआधी प्रत्येक तुकड्यावर वर्ड्स आणि लगेच अनवर्ड्स चालवा. पुढच्या-मागच्या स्पेस जातात, मधल्या दोन-तीन स्पेसची एक होते. नावात चुकून पडलेल्या जादा स्पेससाठीही हा उपाय उत्तम आहे.

इथेच "तुकडे शेवटपर्यंत तुकडे" या नियमाचा फायदा कळतो. आधीच जोडून टाकलेल्या पत्त्यातून हे दोन स्वल्पविराम काढायला किती खटपट करावी लागेल, बघा.

इंटरस्पर्स आणि इंटरकलेट यांत गोंधळ होतो.

इंटरस्पर्स यादीच्या दोन घटकांमध्ये एक घटक घालतं आणि यादीच परत देतं. इंटरकलेट तेच करून वर कॉनकॅट करतं. स्ट्रिंगच्या यादीवर इंटरस्पर्स चालवलं तर स्ट्रिंगची यादी मिळते. पण एकट्या स्ट्रिंगवर चालवलं तर अक्षरांमध्ये अक्षर घुसतं, आणि मराठी मजकुरात त्यातून काना-मात्रा सुट्या पडतात. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

अनलाइन्स शेवटी एक रिकामी ओळ का देतं?

रिकामी ओळ देत नाही. प्रत्येक ओळीच्या मागे, शेवटच्याही, नवओळीचं चिन्ह घालतं. अनवर्ड्स तसं करत नाही, ते फक्त मध्ये स्पेस घालतं. नावं जुळी असली तरी वागणं वेगळं. तुम्ही अनलाइन्स चं उत्तर पुटस्ट्रएलएन ला दिलं तर ते स्वतःची आणखी एक नवओळ घालतं, आणि म्हणून शेवटी मोकळी ओळ दिसते. पुटस्ट्र वापरा, प्रश्न मिटला. थर्मल प्रिंटरवर ती जादा ओळ म्हणजे प्रत्येक पट्टीमागे थोडा कागद वाया.

लाइन्स करून पुन्हा अनलाइन्स केलं की मूळ मजकूर तसाच मिळेल असं धरू नका. मुळात शेवटी नवओळ नसेल तर ती वाढते.

"रवे: " ++ २५ लिहिलं की कंपायलर चिडतो.

बरोबरच आहे. ++ ला दोन्ही बाजूंना यादी हवी आणि २५ ही यादी नाही. हॅस्केल आकड्याची स्ट्रिंग आपण होऊन करत नाही. "रवे: " ++ शो २५ असं लिहा, शो आकड्याची स्ट्रिंग करून देतं.

पण पैसे आणि वजनाला शो लावू नका. डबल (दशांश) प्रकारच्या आकड्याला शो लावलं की ०.१ पेक्षा लहान आणि एक कोटी किंवा त्याहून मोठे आकडे घातांकाच्या रूपात येतात. ०.०५ चं "५.०ई-२" होतं. असा आकडा पट्टीवर बघून शेतकऱ्याने काय समजायचं? न्यूमेरिक मॉड्यूलमधलं शोएफफ्लोट वापरलं तर दशांशानंतर किती अंक हवेत ते सांगता येतं. टेक्स्ट.प्रिंटएफ मधलं प्रिंटएफ ही चालेल. मी स्वतः रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवतो आणि छापतानाच रुपये-पैसे वेगळे करतो.

रकमेत आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम कसे घालू? १२,३४,५६७ असे?

हॅस्केलच्या प्रमाण लायब्ररीत यासाठी तयार फंक्शन नाही. लिहायला मात्र मजा येते, आणि जोडणीचा सराव म्हणून हे उदाहरण मला फार आवडतं.

आकड्याची स्ट्रिंग घ्या: "१२३४५६७". रिव्हर्स करा: "७६५४३२१". पहिले तीन अंक वेगळे काढा: "७६५". उरलेल्याचे दोन-दोनचे गट पाडा: "४३", "२१". आता यादी झाली ["७६५", "४३", "२१"]. इंटरकलेट "," केलं की "७६५,४३,२१". पुन्हा रिव्हर्स: "१२,३४,५६७". गट पाडायला टेक आणि ड्रॉप, किंवा एकदम स्प्लिटअ‍ॅट. स्वल्पविराम उलटा केला तरी स्वल्पविरामच राहतो, म्हणून ही युक्ती चालते.

यात मी एकदा फसलो आहे. उचल जास्त झाल्यामुळे एका पट्टीत निव्वळ रक्कम उणे आली, आणि छापून आलं "-,४५०". उणे चिन्हालाही फंक्शनने अंक समजून गटात धरलं. तेव्हापासून आधी चिन्ह बाजूला काढतो, गट पाडतो, मग चिन्ह पुढे लावतो.

नाव छापायला गेलो तर अक्षरांऐवजी आकडे आले. फॉन्टचा दोष आहे का?

फॉन्टचा नाही, शो चा. हे सविस्तर सांगतो, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी यातून जावं लागतं.

हंगाम भरात होता, प्रोग्रॅम नवा. दुकानातल्या दिवाणजींनी पहिली पट्टी फाडली, चष्मा वर सरकवला आणि कागद माझ्यापुढे धरला. "अहो, हे वाचून दाखवा बरं." गावाच्या रकान्यात वडणगे हवं होतं. तिथे होतं:

"\२३५७\२३३७\२३३९\२३२७\२३७५"

समोर शेतकरी उभा, मागे रांग. रकमा सगळ्या बरोबर होत्या, तरी त्या कागदावर कुणाचा विश्वास बसेना, आणि तो बसायला नको होता हेही खरं. त्या दिवशी दिवाणजींनी सगळ्या पट्ट्या हाताने लिहिल्या.

झालं असं होतं की रकान्यात आकडा असो वा मजकूर, सगळ्यांना मी सरसकट शो लावलं होतं. शो चं काम माणसाला दाखवण्यासाठी मजकूर तयार करणं हे नाहीच. ते मूल्य हॅस्केलच्या कोडमध्ये जसं लिहिता येईल तसं लिहून देतं. म्हणून स्ट्रिंगभोवती अवतरणचिन्हं येतात, आणि इंग्रजीच्या मूळ १२८ चिन्हांच्या बाहेरचं प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने येतं. व २३५७, ड २३३७, ण २३३९, ग २३२७ आणि एकाराची मात्रा २३७५. इंग्रजी नावांना फक्त जादा अवतरणचिन्हं दिसतात, त्यामुळे इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला दोष कळत नाही. मी चाचणी इंग्रजी नावांनीच केली होती.

नियम असा: स्ट्रिंगला शो लावायचं नाही, ती आधीच स्ट्रिंग आहे. छापायला प्रिंट नको, कारण प्रिंट आतून शो च वापरतं. पुटस्ट्रएलएन घ्या.

अवतरणचिन्हं नाहीत, आकडेही नाहीत, पण विंडोजवर प्रोग्रॅम अक्षर छापता येत नाही म्हणून बंद पडतो, हा वेगळा आजार. तिथे प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एचसेटएन्कोडिंग ने आउटपुट यूटीएफ-८ करा आणि कन्सोलमध्ये सीएचसीपी ६५००१ ही आज्ञा द्या.

मराठी मजकूर जोडताना आणखी काय सांभाळायचं?

बरंच. पहिलं म्हणजे ++ ला व्याकरण कळत नाही. "रंकाळा" ++ "वर" केलं तर "रंकाळावर" मिळतं, "रंकाळ्यावर" नाही. "गूळ" ला "ाचा" जोडलं तर "गूळाचा" होतं, आणि आपण लिहितो "गुळाचा". "कोल्हापूर" चं "कोल्हापुरात" होताना पू चा पु होतो, ते कुठलंही हेल्पर फंक्शन करणार नाही. सामान्यरूपाचे सगळे नियम कोडमध्ये उतरवायला जाऊ नका. वाक्याची रचनाच बदला. "वडणगे येथील शेतकरी" किंवा सरळ "गाव: वडणगे" असं लिहिलं की नावाला प्रत्यय लावायची वेळ येत नाही. अनेक ठिकाणी छापील मराठीत "कोल्हापूरात" दिसतं. त्यातलं काही तरी अशाच आंधळ्या जोडणीतून आलेलं असणार असं मला वाटतं. आपल्या हातून तरी ते होऊ नये.

दुसरं, लांबी. "कोल्हापूर" ची लेंग्थ ९ येते: क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार, र. वाचणाऱ्याला मात्र को, ल्हा, पू, र अशी चारच अक्षरं दिसतात. म्हणून रकाने सरळ रेषेत आणायला लेंग्थ मोजून रेप्लिकेट ने स्पेस भरली तर मराठी ओळी वेड्यावाकड्या होतात. मी नाव-गाव स्वतंत्र ओळीवर घेतो आणि रकाने फक्त आकड्यांचे ठेवतो. वर सांगितलेली रिव्हर्स ची युक्तीही अंकांपुरतीच. "कोल्हापूर" उलटं केलं तर मात्रा भलत्याच अक्षरांना चिकटतात.

तिसरं, सांधा. डावा तुकडा हलन्ताने संपत असेल तर जोडल्यावर पुढच्या अक्षराशी त्याचं जोडाक्षर होतं. "सत्" ++ "कार" चं "सत्कार" होतं ते आपल्याला हवंच असतं. पण दोन वेगळी नावं मध्ये विभाजक न घालता जोडली तर हे नको तिथेही होतं.

चौथी गोष्ट "दुसऱ्या" मधल्या ऱ ची. हा ऱ एकाच युनिकोड चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. काही कीबोर्ड तिसऱ्याच रीतीने लिहितात: र, हलन्त आणि डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर तिन्ही सारखे दिसतात, == मात्र ते वेगळे आहेत असं सांगतं. पहिल्या दोन रूपांना युनिकोडचं नॉर्मलायझेशन एकत्र आणतं. तिसरं रूप तुमचं तुम्हाला बदलून घ्यावं लागतं. आणि नॉर्मलायझेशन जोडणी झाल्यावर करा. दोन्ही तुकडे नीट असूनही सांध्यावर बिघाड होऊ शकतो: डावा र ने संपला आणि उजवा नुक्त्याने सुरू झाला तर.

शोएस म्हणजे काय? नावावरून काही कळत नाही.

स्ट्रिंग घेऊन स्ट्रिंग देणारं फंक्शन, एवढाच त्याचा अर्थ. कल्पना फार सुंदर आहे. तुकडा स्वतः ठेवण्याऐवजी "माझ्यामागे जे काही येईल ते द्या, मी त्याच्या पुढे उभा राहतो" असं म्हणणारं फंक्शन ठेवायचं. शोस्ट्रिंग "गूळ" हे असं फंक्शन आहे. दोन तुकडे जोडायचे म्हणजे दोन फंक्शनांची संयुती करायची, मध्ये एक टिंब. सगळं झालं की शेवटी रिकामी स्ट्रिंग द्यायची, आणि साखळी उजवीकडून एका दमात बनते. कंस तुम्ही डावीकडून घातलेत तरी प्रत्येक तुकड्याची प्रत एकदाच निघते.

याच कल्पनेला डिफरन्स लिस्ट म्हणतात. जॉन ह्यूज यांनी १९८६ साली रिव्हर्स फंक्शनच्या निमित्ताने यादी अशी फंक्शनरूपात मांडण्यावर निबंध लिहिला. झाडासारख्या रचनेतून मजकूर काढताना, म्हणजे फांद्या उतरत उतरत छापताना, ही पद्धत अतिशय उपयोगी पडते. साध्या पट्टीसाठी तिची गरज नाही.

++ वापरू की <> ?

स्ट्रिंगवर दोन्ही एकच काम करतात. <> जास्त व्यापक आहे. जोडता येणाऱ्या कुठल्याही प्रकारावर ते चालतं: यादी, टेक्स्ट, बिल्डर. २०१८ साली आलेल्या जीएचसी (हॅस्केलचा कंपायलर) ८.४ पासून ते प्रिल्यूडमध्येच, म्हणजे आपोआप हाताशी असणाऱ्या मूळ मॉड्यूलमध्येच, मिळतं, वेगळं आयात करावं लागत नाही. यादी जोडायची असेल तर एमकॉनकॅट. उद्या स्ट्रिंग सोडून टेक्स्टकडे जाणार असाल तर आजपासून <> लिहा, कोड कमी बदलावा लागेल.

टेक्स्टकडे कधी जायचं?

मी तर म्हणेन, शिकण्याचा पहिला महिना संपला की. मराठीसाठी तर नक्कीच. कारण असं: ६४ बिटांच्या मशीनवर स्ट्रिंगची प्रत्येक कडी २४ बाइट घेते आणि त्यातलं अक्षर आणखी १६. इंग्रजी अक्षरं जीएचसीने आधीच बनवून ठेवलेली असतात, त्यामुळे त्यांचे १६ वाचतात. देवनागरी अक्षरांना ही सवलत नाही. म्हणजे "कोल्हापूर" च्या ९ चिन्हांना ३६० बाइट. टेक्स्टच्या २.० आवृत्तीपासून आत यूटीएफ-८ असतं, तिथे प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट, म्हणजे याच नावाच्या अक्षरांना २७ बाइट आणि वर थोडा ठरावीक खर्च. त्याआधीच्या यूटीएफ-१६ मध्ये १८ लागायचे हे खरं, पण फाइल यूटीएफ-८ मध्येच असते, त्यामुळे आता वाचताना-लिहिताना रूपांतर लागत नाही.

टेक्स्टचं स्वतःचं कॉनकॅट आणि इंटरकलेट आहे. टेक्स्टचं कॉनकॅट आधी सगळ्या तुकड्यांची एकूण लांबी काढतं, तेवढी जागा एकदाच घेतं आणि तुकडे तिथे उतरवतं. सावध राहा ते दोन टेक्स्ट पुन्हा पुन्हा <> ने जोडताना. इथे डावी-उजवी दोन्ही बाजूंची प्रत निघते, म्हणून लूपमध्ये भर घालत राहिलात तर वरचाच दोन कोटींचा हिशेब पुन्हा समोर येतो. अशा ठिकाणी बिल्डर घ्या: फ्रॉमटेक्स्ट ने तुकडे आत टाका, <> ने जोडा, शेवटी एकदा टूलेझीटेक्स्ट.

कोडमधली अवतरणातली स्ट्रिंग थेट टेक्स्ट म्हणून चालावी यासाठी फाइलच्या माथ्यावर ओव्हरलोडेडस्ट्रिंग्ज चालू करायला विसरू नका. विसरलात तर टाइप जुळत नाहीत अशा चुकांची रांग लागते.

दुसऱ्या फंक्शनल भाषांत काय पद्धत आहे?

ओकॅमलमध्ये ^ ने दोन स्ट्रिंग जोडतात, यादीसाठी स्ट्रिंग.कॉनकॅट, ज्याला विभाजक आधी द्यायचा असतो. म्हणजे नाव कॉनकॅट असलं तरी काम आपल्या इंटरकलेट चं. मोठ्या मजकुराला बफर. एल्ममध्ये ++ आणि स्ट्रिंग.जॉइन. क्लोजरमध्ये एसटीआर आणि जॉइन. एलिक्सिरमध्ये <> आणि एनम.जॉइन, पण तिथली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट आयओ लिस्ट. ती मुळात अर्लांगची आहे. तुकडे जोडायचेच नाहीत, यादीत यादी अशी घडण तशीच फाइलला किंवा सॉकेटला द्यायची, आणि तिथे ती क्रमाने लिहिली जाते. जोडणी पुढे ढकलत शेवटी टाळूनच टाकली.

स्वतःचं जोडणीचं फंक्शन लिहिलं तर तपासू कसं?

पाच गोष्टी देऊन बघा: रिकामी यादी, एकच तुकडा, मध्ये रिकामा तुकडा असलेली यादी, उणे आकडा, आणि मराठी नाव. मराठी नावात जोडाक्षर असू द्या आणि एखादा ऱ. मी "वाऱ्यावर" आणि "ज्योतिबा" हे दोन शब्द कायम ठेवलेले आहेत. शेवटची ओळ पडद्यावर बघून थांबू नका, प्रिंटरवर कागद काढून वाचा.